वारसाचं माप

शिंप्याने टेप त्याच्या छातीभोवती गुंडाळला आणि सहज विचारलं, "कूळ कुठलं, सेबो?" कुणालाही साहेब म्हणून विचारावं तसं, एवढंच. वांडेगेयाच्या चढावर, पत्र्याच्या दुकानात, बाहेर मोटरसायकलवाले गिऱ्हाइकांसाठी ओरडत असताना. कंपालात अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायची याहून साधी रीत नाही: आधी नाव, मग कूळ, मग "म्हणजे तुम्ही माझे मेहुणे लागता की" असं म्हणून हसायचं. एरिफाझने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून काही बाहेर आलं नाही. शब्द विसरला नव्हता. शब्द जिथे असायला हवा तिथेच होता, जिभेच्या मागे, नीट. पण तो उच्चारायचा आपल्याला हक्क आहे का, असा एक प्रश्न मध्येच आडवा आला आणि तो बाजूला होईपर्यंत शिंप्याचा टेप छातीवरून खांद्यावर गेला होता. "पाणघोडा," तो शेवटी म्हणाला. शिंपी आकडा लिहीत होता. "काय म्हणालात?" "पाणघोडा. माझं कूळ." "अरे वा! माझी बायको पाणघोडाच," शिंपी म्हणाला, "कुळाने म्हणतोय. अंगाने तशी शेळीएवढी आहे." आणि स्वतःच मोठ्याने हसला. एरिफाझही हसला. बाहेर येऊन तो चढावर जरा वेळ उभा राहिला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला, आणि स्वतःचं कूळ सांगताना अडखळला. 

माप कांझूचं होतं, शनिवारी घालायच्या पांढऱ्या पायघोळ झग्याचं. थोरला भाऊ एनोका जाऊन पाच महिने झाले होते. शनिवारी त्याचं शेवटचं कार्य होतं. त्या दिवशी मृत्यू घराबाहेर काढतात आणि वारस बसवतात. एनोकाला पाच मुली. वारस पुरुष लागतो. कुळातले सगळ्यांत वडील, ज्यांना सगळे जज्जा, म्हणजे आजोबा, म्हणत, त्यांच्याकडून निरोप आला होता की एरिफाझने तयार राहावं. निरोप होता, प्रश्न नव्हता. असे प्रश्न कुणी विचारत नाही. झाडाच्या सालीचं तांबूस वस्त्र त्याच्या उजव्या खांद्यावर गाठ मारून बांधतील, हातात भाला देतील, एनोकाच्या खुर्चीवर बसवतील, आणि त्या क्षणापासून एनोकाच्या पाची मुली त्याला काका म्हणायच्या थांबून बाबा म्हणतील. त्यांच्या लेकींच्या मागण्या येतील त्या त्याच्या अंगणात येतील. भांडणं त्याच्यापुढे येतील. जिथे जिथे एनोका उभा राहून बोलत असे, आणि तो सगळीकडेच उभा राहून बोलत असे, तिथे आता एरिफाझने बोलायचं. आयुष्यभर लोकांनी त्याला एनोकाचा भाऊ म्हणूनच ओळखलं होतं. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. उलट त्यात एक सावली होती आणि सावलीत वाचता येतं. पण भाऊ असणं वेगळं आणि एनोकाच होणं वेगळं. मेंगोमधली आपली एक खोली, खिडकीशी टेबल, दुपारी दोनला रेडिओ बंद करून घ्यायची ती शांतता, हे सगळं शनिवारनंतर कुणाचं असेल, असा विचार तो करू लागला की त्याला स्वतःचीच लाज वाटे, आणि लाज वाटली की तो लगेच दुसऱ्या गोष्टीकडे वळे. ती दुसरी गोष्ट म्हणजे पाणघोडा.

त्या संध्याकाळी त्याने बहिणीला फोन केला. तिचं नाव मेराबु, पण जुळी झाल्यापासून ती नालोंगो, जुळ्यांची आई. मेराबु हे नाव नंतर कुणी तिला परत दिलंच नाही. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. "नालोंगो," तो म्हणाला, "आपण दोघांनी आजवर खरा पाणघोडा पाहिलेला नाही." "मग?" "मग काही नाही. शनिवारच्या आत पाहावा असं वाटलं." पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "एवढ्या वर्षांत तू स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नाही," ती म्हणाली. "वास्वाला गाडी काढायला सांगते."

म्हणून गुरुवारी पहाटे ते तिघं म्बुरो तळ्याच्या वाटेला लागले. नालोंगो मागच्या सीटवर, मांडीवर केळीच्या पानात बांधलेलं माटोके, म्हणजे उकडलेल्या केळ्यांचा लगदा, पायाशी पाण्याचे डबे, जणू राष्ट्रीय उद्यानात उपासच घडणार होता. तिचा जुळ्यांतला थोरला, वास्वा, गाडी चालवत होता. चाळिशीचा माणूस, गळ्यात हसण्याचा कारखाना. "मामा," तो म्हणाला, "गोरे लोक विमानाने येतात तुमचे नातेवाईक बघायला. तुम्ही अडुसष्ट वर्षं चार तासांच्या अंतरावर राहून भेटायला गेला नाहीत. बघा, कसे वागतील ते आता." "तुझे नातेवाईक तिथे कपडे पळवतात म्हणे," नालोंगो मागून म्हणाली. वास्वाचं कूळ बापाचं, माकडाचं. "पळवू देत. मी त्यांना दगड मारू शकत नाही, पण तू मार, आई. तुला परवानगी आहे." एरिफाझ खिडकीतून बघत होता. लुकाया गावात सळ्यांवर खोवलेलं भाजकं मांस खिडक्यांतून आत घुसवणारे लोक धावत आले आणि त्याने नको म्हणून मान हलवली. आपण मान हलवतो, बोलत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्या मांसाचा वास मसाक्यापर्यंत गाडीत राहिला, आणि त्या वासाबरोबर, जसं दर वेळी होई तसं, ते दुसरं मांस आलं.

सत्तेचाळीस वर्षं झाली होती. एकविसाव्या वर्षी तो पश्चिमेला, दूरच्या एका तळ्याकाठच्या शाळेत सहा महिन्यांसाठी शिकवायला गेला होता. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी जेवायला बोलावलं. नाचणीचा घट्ट गोळा, आणि मातीच्या भांड्यात मांस, शेंगदाण्याच्या रश्श्यात. त्याच्या पुढ्यात वाढून झालं, हात धुऊन झाले, आणि मग मुख्याध्यापक खुशीत म्हणाले, "तुमचं नशीब बघा मास्तर. तळ्यात पाणघोडे फार झालेत म्हणून सरकारी माणसांनी काल एक पाडला. सगळ्या गावाला मिळालं." आता यात अवघड काय होतं? काहीच नाही. "माफ करा, तो माझं देवक आहे, आम्ही खात नाही," एवढं म्हणायचं. त्या लोकांनाही त्यांची देवकं होती. कुणाचं काही, कुणाचं काही. कुणी रागावलं नसतं. मुख्याध्यापकांची बायको उठून शेंगा उकडून आणती आणि देवकांवरून अर्धा तास गप्पा झाल्या असत्या. पण ती बाई नुकतीच खाली बसली होती. दिवसभराची दमलेली, पाय लांब करून, भिंतीला टेकून. आपल्यामुळे तिने पुन्हा उठावं हे त्याला जमेना. तिच्या उठण्याची आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या बंधनाची त्याने त्या क्षणी तुलना केली असं नाही. त्याने काहीच केलं नाही. नाही म्हणायचा क्षण आला, त्याच्यापुढे थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. त्याने खाल्लं. मांस मऊ होतं, डुकरासारखं पण अधिक गोडसर. बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा त्याने आणखी घेतलं. हे दुसरं वाढप हीच खरी गोष्ट होती. पहिल्याला संकोच म्हणता येत होतं. दुसऱ्याला त्याला शब्द सापडला नव्हता. म्हणजे सापडला होता, भूक किंवा चव, पण तो त्याने इतक्या वर्षांत स्वतःशीही मोठ्याने म्हटला नव्हता.

देवक खाल्लं तर अंगावर चट्टे उठतात, दात पडतात, असं लहानपणी आजी सांगे. तो वाट बघत राहिला. महिनाभर रोज सकाळी हाताची कातडी खिडकीशी नेऊन बघे. काही झालं नाही. बेचाळिसाव्या वर्षी दोन दाढा पडल्या तेव्हा त्याला जवळजवळ बरं वाटलं होतं. दाताच्या डॉक्टरने सांगितलं की चहात साखर कमी घ्या. त्यानंतर कुळाच्या प्रत्येक बैठकीत, प्रत्येक लग्नात, जिथे जिथे उभं राहून मी अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, देवक पाणघोडा, असं खणखणीत म्हणायची वेळ येई, तिथे तो मागे सरके आणि एनोका दोघांचं मिळून बोले. लोक म्हणत, एरिफाझ भिडस्त आहे. ते खरंच होतं. पण भिडेखाली हे होतं, की हे नव्हतंच, नुसती भीडच होती, हे त्याला आताही नक्की सांगता आलं नसतं. परवा शिंप्यासमोर उभं राहिल्यावर त्याला प्रथमच असं वाटलं होतं की आपण हे जज्जांना सांगितलं तर सुटू. ज्याने देवक खाल्लं त्याला कोण वारस करील? आणि लगेच असंही वाटलं होतं की ही फार सोयीची गोष्ट आहे. इतकी सोयीची की तिच्यावर विश्वास ठेवू नये.

फाटकातून आत शिरल्यावर बाभळी दाट झाल्या. झेब्रे रस्त्यात उभे होते आणि गाडीला वाट द्यायची त्यांना घाई नव्हती. हरणांचे कळप गवतात मान वर करून बघत आणि पुन्हा चरू लागत. झाडीतून मध्येच तळं दिसे, मग जाई, मग दुसरीकडून दिसे. नालोंगोने एकदा "म्हशी" असं म्हटलं आणि नंतर दहा मिनिटं काही म्हटलं नाही, हे तिच्या बाबतीत फार होतं. गाडी लावून ती उतरते न उतरते तोच एका माकडाने माटोक्याचं पान उचललं आणि शेजारच्या शेडच्या छपरावर जाऊन बसलं. "वास्वा!" ती ओरडली. "माझा हात धरलाय कुळाने," वास्वा म्हणाला आणि गाडीला टेकून हसत राहिला. तिने चप्पल फेकली. ती छपरावरच राहिली. पुढचा सगळा वेळ नालोंगो वास्वाच्या मोठ्या चपला घालून फटक फटक चालत होती.

बोटीवरची वाटाड्या मुलगी तिथल्याच अंकोले भागातली होती, केमिगिशा नावाची, खाकी गणवेशात. सगळे चढल्यावर तिने रोजचा प्रश्न रोजच्या हसऱ्या चेहऱ्याने विचारला, "बोटीत पाणघोड्याच्या कुळातलं कुणी आहे का? असेल तर पुढे बसा. घरची माणसं दिसली की ते बोट उलटवत नाहीत." लोक हसले. एरिफाझ बोटीच्या फळीकडे बघत होता. "आम्ही दोघं," नालोंगो म्हणाली आणि त्याच्या कोपराला धरून पुढे घेऊन गेली. तळं शांत होतं. काठाने पपायरसच्या उंच लव्हाळ्यांची गच्च भिंत, फांदीवर मत्स्यगरुड, एका ओंडक्याशेजारी दुसरा ओंडका, जो मग सरकला आणि मगर झाला. आणि मग वळणापलीकडे ते होते. आधी नुसते कान. वीस-पंचवीस कान पाण्यावर, पाणी झटकत फिरणारे. मग डोळ्यांचे उंचवटे, मग नाकपुड्यांतून फवारे, मग एक पाठ, ओल्या खडकासारखी. केमिगिशाने इंजिन बंद केलं. एरिफाझने स्वतःला सांगितलं, बघ. तो बघत होता. काहीतरी होईल म्हणून थांबला होता, छातीत, किंवा मानेच्या मागे. झालं एवढंच की बसायची फळी ओली होती आणि पाणी त्याच्या पँटला लागत होतं. एक मोठा नर बोटीकडे तोंड करून थांबला आणि त्याने जबडा उघडला. आत गुलाबी, प्रचंड, पिवळट सुळ्यांची ती खोली अगदी निर्विकार होती. ह्याला काही माहीत नाही, एरिफाझच्या मनात आलं. कुळांची नावं, शपथा, कुणी काय खाल्लं, ह्यातलं काहीही ह्याच्यापर्यंत कधी आलेलं नाही. त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी थोडं एकटं वाटलं.

तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. नालोंगो बाकावरून खाली सरकली होती आणि बोटीच्या तळाशी, वास्वाच्या त्या मोठ्या चपलांसकट, गुडघ्यांवर बसली होती, वडीलधाऱ्यांना भेटल्यावर बायका बसतात तशी. "एनोका गेला बरं का," ती पाण्याकडे बघून म्हणाली. आवाज साधा, शेजारणीला बातमी सांगताना असतो तसा. "मार्चात. पोटाचं झालं होतं. शेवटी फार हाल नाही झाले. शनिवारी कार्य आहे. धाकटा बसतोय त्याच्या जागेवर. हा बघा, आणलाय त्याला." बोटीत कुणी हसलं नाही. नराने जबडा मिटला आणि पाण्याखाली गेला. त्याची जागा गोल गोल होत नाहीशी झाली. केमिगिशाने टोपी काढली होती. एरिफाझला उठून कुठेतरी जायचं होतं आणि बोटीत जायला जागा नव्हती.

काठावरच्या खानावळीत तळलेला मासा येईपर्यंत त्याने सांगितलं. वास्वा छपरावरची चप्पल कशी काढता येईल ते बघायला गेला होता. एरिफाझने टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघून सांगितलं, वर्षासकट, दुसऱ्या वाढपासकट. नालोंगो ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं त्याला वाटलं होतं. आला तो वेगळाच काहीतरी भाव, हिशेब न लागल्यावर येतो तसा.

"एनोकाला माहीत होतं?"

"नाही."

"आणि मघाशी मी त्यांना सांगत होते, हा बघा आणलाय, तेव्हा तू शेजारी बसून ऐकत होतास."

"हो."

"शहाणा आहेस." तिने मिठाची बाटली त्याच्यापुढून उचलली. "हे तू आजच का सांगतोयस? सत्तेचाळीस वर्षं तोंडात मासा धरल्यासारखा गप्प राहिलास. शनिवार दोन दिवसांवर आल्यावर बरं आठवलं?"

त्याने हात पुढे करून बाटली परत आपल्यापुढे ओढली.

"मला कशाला सांगतोस? मी काय तुला बसवणार की उठवणार? जज्जांना सांग. आत्ता. फोन लाव."

फोन लागेना. खानावळीतल्या बाईने न विचारताच अंगणापलीकडचं वारूळ दाखवलं. "त्याच्यावर चढा, सेबो. साहेबसुद्धा तिथूनच बोलतात." वारूळ पुरुषभर उंच, जुनं, टणक, चढून चढून त्यावर पायऱ्याच पडलेल्या. अडुसष्ट वर्षांचा एरिफाझ बुटाने पायरी चाचपत वर गेला. वरून तळं दिसत होतं, झेब्रे दिसत होते, खानावळीतली सगळी टेबलं दिसत होती, आणि त्या सगळ्यांना तो. फोनवर दोन रेघा आल्या. जज्जा नव्वदीचे आणि कानाने मंद. आधी नमस्कार करावे लागले. ते टाळता येत नाहीत. घरचे कसे आहेत. बरे आहेत. तिकडचे. बरे आहेत. हं. हं. पाऊस. झाला. केळी. बरी. हं. प्रत्येक हुंकाराबरोबर त्याचं धैर्य थोडं थोडं कमी होत होतं.

"जज्जा, एक सांगायचं आहे. मी पाणघोडा खाल्लाय."

"काय झालं?"

"पाणघोडा. खाल्लाय."

"मोठ्याने बोल बाबा. पाणघोड्याला काय झालं?"

"मी पाणघोडा खाल्लाय!" टेबलांवरची माणसं वळली. कुणाचा तरी काटा थाळीवर वाजला. केमिगिशा बोटीकडे जाता जाता थांबली. दूर छपराशी वास्वा चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिला.

 मग जज्जा म्हणाले, "कधी?"

"पासष्ट साली. तळ्याकाठी नोकरीला होतो तेव्हा."

"एकदाच?"

"एकदाच. दोनदा वाढून घेतलं."

"हं," जज्जा म्हणाले. "त्या वर्षांत तिकडे गेलेल्या पुष्कळांनी खाल्लंय. तुझ्या आजोबांच्या भावाने तर परत येऊन वर चव सांगितली होती. शनिवारी येताना एक कोंबडा आण, एक मडकं दारू आण. उंबऱ्यावर ठेव, मी बघतो. एवढ्यासाठी रडत होतास का रे इतकी वर्षं?" ते खोकले, खोकला नव्हता, हसू होतं. "आणि झगा? शिवून झाला?"

म्हणजे एवढंच. एक कोंबडा आणि एक मडकं. सत्तेचाळीस वर्षं ज्याला टेकून तो उभा होता ती भिंत एका वाक्यात काढून घेतली गेली, आणि तिच्यामागे तो होता, जसा होता तसा, वारुळावर, हातात फोन. आता लपायला काही नव्हतं. आता फक्त झग्याचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर हो असंच असतं. शिवून झाला, उद्या मिळेल, शनिवारी येतो. ते उत्तर तोंडापाशी आलं. त्याला ते ओळखीचं वाटलं. त्याने ते तिथेच थांबवलं.

"जज्जा, मला वारस व्हायचं नाही."

"ऐकू येत नाही."

"मला वारस व्हायचं नाही!"

"सांगितलं ना, कोंबडा आण. मिटेल."

"कोंबड्याने मिटण्यासारखं नाही हे. पाणघोड्यामुळे म्हणत नाही मी. मला ते नको आहे, म्हणून म्हणतोय." आपला आवाज तळ्यावर जातो आहे हे त्याला कळत होतं, तो आवाज एनोकाच्या आवाजासारखा नव्हता, पातळ होता, शेवटी शेवटी चिरका होत होता, पण जात होता. "मुलींचं मी सगळं बघेन. लागेल तेव्हा येईन, रात्री बोलावलं तरी येईन. पण काका म्हणून. एनोकाच्या खुर्चीत मला बसवू नका. मी तिथे बसलो तर मी राहणार नाही, जज्जा. मला म्हणजे... मला थोडंच आहे, तेवढं राहू दे."

 त्याला वाटलं फोन कटला. मग जज्जा म्हणाले, आणि आवाजात आता हसू नव्हतं, "माझ्या आयुष्यात असं फोनवर मला कुणी सांगितलेलं नाही."

"हो."

"मी हे लोकांना सांगणार नाही. तू सांगायचं. शनिवारी, सगळ्यांसमोर, उभं राहून. त्यांना राग येईल. मलाही आलाय. सांगशील?"

खाली टेबलावर मासा आला होता. नालोंगो त्याच्याकडे बघत नव्हती. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ समोर बघत बसली होती.

"सांगेन," तो म्हणाला, आणि जज्जांनी पुन्हा विचारायच्या आत आणखी मोठ्याने, "सांगेन."

उतरताना तो शेवटच्या दोन पायऱ्या बसून, घसरत आला. कपड्यांना तांबडी माती लागली. कुणी तरी पाणी आणून दिलं. तो नालोंगोच्या समोर बसला. त्याने माशाची थाळी तिच्याकडे सरकवली.

"एवढ्या मोठ्याने बोलता येतं तर तुला," ती म्हणाली. डोळे पुसायला तिने हात उचलला नाही, ते तसेच वाहू दिले. "एनोका होता तेव्हा त्याच्यासमोर कधी का नाही बोललास?"

त्याने खरोखर विचार केला. प्रश्न टाळावा असं त्याला वाटलं नाही.

"त्याने मला कधी काही विचारलं नाही," तो म्हणाला. "आणि तूही नाही, नालोंगो."

तिने माशाचा काटा काढायला घेतला, डोक्यापासून शेपटीपर्यंत, सावकाश, एकही न तोडता. मग म्हणाली, "जाताना एनोकाच्या मुलींकडे थांबू. शनिवारी लोकांच्या तोंडून कळलं तर थोरली तुला जन्मात क्षमा करणार नाही. मी गाडीतच बसेन. आत जाऊन तू सांग."